पेट्रोलने धुतलेली इंजिने : एका धोकादायक सवयीचा इतिहास

१/
ऑगस्ट १८८८. बर्था बेंझ आपल्या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्ट्झहाइमला मोटारीने निघाल्या. वाटेत इंधन संपले. वीसलोख येथील औषधाच्या दुकानात त्यांनी 'लिग्रॉइन' विकत घेतले. हा द्रव तेथे कपड्यांवरील डाग काढण्यासाठी विकला जाई. मोटारीचे इंधन आणि सफाईचे द्रावण आरंभी एकच होते. पुढील सारा इतिहास या एका योगायोगातून उलगडतो. 🧵

२/
इंजिन मुळात मळत का असे? जुन्या इंजिनांत तेलाची वाफ एका नळीवाटे सरळ बाहेर सोडली जाई. कॉर्क आणि कागदाच्या पॅकिंगमधून तेल झिरपे. त्यावर रस्त्याची धूळ बसली की काळे, चिकट कीट तयार होई. ते साचले की गळती नेमकी कुठे आहे हे कळत नसे आणि उष्णताही कोंडून राही.

३/
तेलाचे कीट साध्या पाण्याला दाद देत नाही. पेट्रोलमध्ये मात्र ते क्षणात विरघळते. म्हणून गॅरेजमध्ये पेट्रोलचा डबा आणि ब्रश आला. परंतु पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानातही पेटण्याजोगी वाफ सोडते. ही वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरते, दुरुस्तीच्या खड्ड्यात साचते आणि दूरच्या ठिणगीनेही भडकते.

४/
१९२३ पासून अमेरिकेत पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळून विक्री सुरू झाली. हे संयुग त्वचेतूनही शरीरात शिरते. म्हणजे अशा पेट्रोलने हात आणि सुटे भाग धुणाऱ्या कामगाराला आगीखेरीज विषाचाही धोका होता. भारतातून शिसेयुक्त पेट्रोल २००० साली हद्दपार झाले.

५/
न पेटणारा पर्याय म्हणून कार्बन टेट्राक्लोराइड पुढे आले. ते आगशामक यंत्रांतही भरले जाई! पण त्याची वाफ यकृत आणि मूत्रपिंडांस घातक ठरली. तापलेल्या धातूवर पडताच त्यातून फॉस्जीन निर्माण होऊ शके. हाच वायू पहिल्या महायुद्धात अस्त्र म्हणून वापरला गेला होता. पुढे ओझोनच्या रक्षणासाठी माँट्रियल करारान्वये या द्रव्यावर निर्बंध आले.

६/
भारतातील गॅरेजांनी रॉकेल जवळ केले. ते पेट्रोलइतके चटकन पेटत नाही. तथापि तापलेल्या एक्झॉस्टवर पडल्यास तेही पेट घेते. शिवाय मागे राहिलेला तेलकट थर रबरी नळ्या फुगवतो आणि नवी धूळ धरून ठेवतो.

७/
पाण्याचा मार्गही निर्धोक नव्हता. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचेच पाहा. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात ओल शिरली की ठिणगी भरकटे आणि भर पावसात गाडी बंद पडे. अशा वेळी टोपण काढून कोरड्या फडक्याने पुसणे, हाच उपाय असे.

८/
१९५० मध्ये जर्मनीत आल्फ्रेड केर्शर यांनी गरम पाण्याचे उच्चदाब यंत्र आणले. १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० या मोटारीत बॉशची इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली आली. एकीकडे पाण्याचा जोर वाढला, दुसरीकडे बॉनेटखाली नाजूक विद्युत जोडण्या वाढल्या. दाबाचे पाणी या जोडण्यांत घुसले की त्या गंजतात आणि बिघाड कित्येक दिवसांनी प्रकट होतो.

९/
या अनुभवांतूनच आजची घरगुती रीत घडली :
▪️ इंजिन पूर्ण थंड असावे, जागा मोकळी व हवेशीर असावी.
▪️ बॅटरीची ऋण तार सोडावी.
▪️ अल्टरनेटर, फ्यूजपेटी व हवा घेणारे तोंड प्लास्टिकने झाकावे.
▪️ आधी सुकी धूळ ब्रशने झाडावी.
▪️ पाण्यात मिसळणारा डिग्रीझर ब्रशने लावावा, सुकण्यापूर्वी ओल्या फडक्याने पुसावा.
▪️ प्रेशर पंप टाळावा.
▪️ आवरणे काढून, सारे वाळल्यावरच गाडी सुरू करावी.
▪️ तेलकट पाणी गटारात सोडू नये.
हायब्रिड किंवा विद्युत मोटारीतील नारिंगी तारांना हात लावू नये. तेथे उच्च दाबाची वीज असते.

१०/
लिग्रॉइनपासून ओल्या फडक्यापर्यंतचा हा प्रवास शंभराहून अधिक वर्षांचा आहे. प्रत्येक नव्या द्रावणाने जुना धोका टाळला आणि बहुधा नवा आणला. पेट्रोलने इंजिन धुण्याची सवय मात्र काही ठिकाणी अजून टिकून आहे. बर्थाबाईंच्या काळी दुसरा पर्याय हाताशी नव्हता. आज तो आहे.