रिकाम्या तासाचे भाडे : संगणनाच्या दरपत्रकाचा इतिहास

‘इंडियाएआय’ मोहिमेच्या बातम्यांत एक आकडा वारंवार येतो : ताशी ६५ रुपये. केंद्रीय मंत्रिमंडळाने ७ मार्च २०२४ रोजी सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या या मोहिमेस मंजुरी दिली. तिच्यातून ३८,००० हून अधिक जीपीयू संशोधकांना, विद्यार्थ्यांना आणि नवउद्योगांना या अनुदानित दराने मिळतील, असे सरकार सांगते. चर्चा होते ती ६५ या आकड्याची. ‘ताशी’ हा शब्द मात्र सहसा वाचून सोडून दिला जातो, आणि संगणनाच्या किमतीचा सारा इतिहास त्याच शब्दाभोवती फिरला आहे.

संगणक विकत घ्या, भाड्याने घ्या वा वापरापुरता घ्या, त्याचे काही तास रिकामे जातातच. कधी काम नसते, कधी कार्यक्रम उत्तराची वाट पाहत थांबलेला असतो. या रिकाम्या तासांचा खर्च कोणी सोसायचा, हे दरपत्रक ठरवते. कोणत्याही दोन होस्टिंग सेवांची तुलना करताना हाच प्रश्न पहिला विचारावा लागतो.

पहिले उत्तर आयबीएमचे होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही कंपनी आपली यंत्रे प्रामुख्याने भाड्याने देत असे. मासिक भाड्यात १७६ तासांचा वापर धरलेला असे, म्हणजे रोज आठ तासांप्रमाणे बावीस दिवस. त्यापलीकडच्या वापराला जादा आकार पडे आणि तो मोजण्यासाठी यंत्रालाच मीटर बसवलेला असे. पण १७६ तासांपैकी शंभरच वापरले, तरी भाडे कमी होत नसे. रिकामा तास ग्राहकाच्या माथी होता.

भारतातील विज्ञानसंस्थांनी निराळी वाट धरली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली संगणक बांधला गेला आणि तो १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले आणि देशभरातील संशोधकांची गणिते तिथे सुटू लागली. छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि आपली पाळी येण्याची वाट पाहायची, अशी ती गठ्ठापद्धती होती. या व्यवस्थेत यंत्र क्वचितच रिकामे राही; रिकामा राही तो संशोधक. पैशाऐवजी माणसाचा वेळ खर्ची पडत होता.

माणूस आणि यंत्र या दोघांचाही वेळ वाचवण्याची कल्पना जॉन मॅकार्थी यांनी १९६१ मध्ये मांडली. एमआयटीच्या शताब्दी समारंभात बोलताना ते म्हणाले की, दूरध्वनीप्रमाणेच संगणनही एके दिवशी सार्वजनिक सेवा होऊ शकेल. एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वाटून घेतला, तर एकाच्या विचार करण्याच्या क्षणी दुसऱ्याचे काम चालू राहते. ज्याने जेवढे वापरले, त्याने तेवढे द्यावे. आजच्या क्लाउडचे तत्त्व याहून फारसे वेगळे नाही.

भारतातील सामान्य ग्राहकापर्यंत हे मोजमाप इंटरनेटच्या रूपाने पोहोचले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सार्वजनिक सेवा सुरू केली. व्यक्तिगत ग्राहकाला ९.६ किलोबिट वेगाचे २५० तास ५,००० रुपयांना मिळत. म्हणजे ताशी २० रुपये, दूरध्वनीचे बिल वेगळे. गंमत म्हणून हिशेब करून पाहा : सेकंदाला १,२०० बाइट म्हणजे तासाला ४.३२ मेगाबाइट, आणि २५० तासांत जेमतेम एक गिगाबाइट. तीही जोडणी क्षणभर न थांबता पूर्ण वेगाने चालली तर! पान वाचत बसलेल्या माणसाचा तासही मोजला जाई. वाचून झाले नसले तरी जोडणी तोडायची, ही त्या पिढीची सवय याच दरपत्रकाने लावली.

२००६ मध्ये ॲमेझॉनने आभासी यंत्र ताशी दहा सेंटला देऊ केले. महिनाभर चालू ठेवल्यास सुमारे ७२ डॉलर होत. पण काम संपताच बंद केले, तर आकारणी थांबे. २०१७ मध्ये हे मोजमाप अनेक यंत्रांसाठी सेकंदावर आले. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या लॅम्डा सेवेत तर मागणी आली तरच कार्यक्रम चालतो आणि तेवढ्याच वेळाचे पैसे पडतात. सुरुवातीला शंभर मिलिसेकंद हे सर्वांत लहान माप होते, २०२० च्या डिसेंबरात ते एक मिलिसेकंद झाले. रिकामा तास आता विक्रेत्याकडे गेला, असे वाटू लागले.

मात्र विक्रेताही तो फुकट सोसत नाही. गूगलचे ॲप इंजिन २००८ मध्ये आले, तेव्हा प्रोसेसरने प्रत्यक्ष केलेल्या कामाचे पैसे पडत. उत्तराची वाट पाहणारा कार्यक्रम प्रोसेसर वापरत नाही, पण स्मृतीतील जागा अडवून बसतो. २०११ मध्ये गूगलने आकारणी चालू प्रतिरूपांच्या तासांवर आणली. कार्यक्रम तेच राहिले, बिले वाढली, आणि विकासकांत मोठी नाराजी पसरली. हेरोकूने विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना पहिले संकेतस्थळ फुकट मांडू दिले. गैरवापराचे कारण देऊन ती मोफत योजना २८ नोव्हेंबर २०२२ रोजी बंद झाली. फुकट तासांचा खर्च तोवर पैसे भरणारे ग्राहक आणि कंपनी उचलत होती.

मोफत आणि सशुल्क यांच्या सीमारेषेचा अनुभव आम्हां दिल्लीकरांना वेगळ्या बिलात येतो. २०१९ पासून इथे महिन्याला २०० युनिटपर्यंत घरगुती वीज मोफत आहे. त्यापुढे ४०० पर्यंत सवलत आहे, तीही ८०० रुपयांच्या मर्यादेत. द्वारकेतील सदनिकेत २०० युनिट जाळणाऱ्याला शून्य बिल येते, २०१ जाळणाऱ्याला मात्र सगळ्याच युनिटांचा अर्धा भार पडतो. शेवटच्या एका युनिटाची किंमत अशी कित्येक पटींनी वाढते. म्हणून महिनाअखेरीस घराघरांत मीटर वाचला जातो. क्लाउडच्या मोफत मर्यादेलाही अशीच कडा असते, पण तिथला मीटर भिंतीवर दिसत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेटलिफायवरील एका साध्या संकेतस्थळाच्या मालकाला अचानक वाढलेल्या वाहतुकीपायी १,०४,५०० डॉलरचे बिल आले. बोभाटा झाल्यावर कंपनीने ते माफ केले. ठरावीक मासिक भाड्याच्या यंत्रावर तेच संकेतस्थळ बहुधा कोलमडले असते, पण मालकाला असे बिल आले नसते.

तेव्हा तुलनेचे सूत्र असे मांडता येईल. ठरावीक भाड्यात रिकामेपणा ग्राहकाचा, पण बिल निश्चित. मोजून आकारणीत रिकामेपणा विक्रेत्याचा, पण अकस्मात गर्दीचा धोका ग्राहकाचा. वाटपपद्धतीत बिल जवळजवळ नाही, पण प्रतीक्षा आहे. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे राष्ट्राला अर्पण झालेले ‘परम रुद्र’ महासंगणक विज्ञानासाठी राखलेले आहेत. अशा सामायिक यंत्रांवर रांग आजही टळत नाही.

या सूत्रावर ६५ रुपयांचा दर तपासून पाहू. एका जीपीयूचे शंभर तास ६,५०० रुपयांत मिळतात. एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला ते झेपण्यासारखे आहे. तेच यंत्र चुकून महिनाभर चालू राहिले, तर ७२० तासांचे ४६,८०० रुपये होतात. आठ जीपीयू महिनाभर लागले, तर ३,७४,४०० रुपये. अनुदानाने तासाचा दर उतरतो, रिकाम्या तासाची जबाबदारी मात्र वापरणाऱ्याकडेच राहते. मोठ्या संस्थेत खर्चावर लक्ष ठेवायला माणूस असतो. तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थी एकटाच असतो, आणि एक चुकीचे बिल त्याला पुन्हा प्रयोग करण्यापासून परावृत्त करू शकते.

म्हणून सार्वजनिक संगणनाच्या दरपत्रकात स्वस्त तासाबरोबर आणखी दोन गोष्टी असाव्यात : ठरलेली रक्कम संपताच यंत्र आपोआप थांबवणारी मर्यादा, आणि शिकाऊंसाठी लहानसा, पण कडेवरून न ढकलणारा मोफत वाटा. विद्यार्थ्यांनीही कोणतीही सेवा निवडताना दरापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. यंत्र रिकामे असताना मीटर चालतो का? गर्दी झाली तर बिल कुठे थांबते? आणि मोफत मर्यादा ओलांडली, तर पैसे फक्त वरच्या वापराचे पडतात की सगळ्याचे?