खोक्यांचे गॅरेज, कॅनव्हासचे हँगर : वाऱ्यापासून यंत्रे वाचवणाऱ्यांचा इतिहास

१/
अंटार्क्टिकावर पोहोचलेली पहिली मोटार म्हणजे १९०८ साली अर्नेस्ट शॅकल्टनने नेलेली ‘अ‍ॅरोल-जॉन्स्टन’. हे उत्तर प्रश्नमंजूषा खेळणाऱ्या पुष्कळांना ठाऊक असते. पण तिथे हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही आणि वारा माणसाला उभे राहू देत नाही. मग ती मोटार तिथे ठेवली कुठे? हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आजचा धागा या दुर्लक्षित प्रश्नाविषयी आहे.

२/
‘निमरॉड’ जहाज १ जानेवारी १९०८ रोजी न्यूझीलंडच्या लिटलटन बंदरातून निघाले. त्यावर मांचुरियन तट्टे होती, कुत्री होती आणि विल्यम बियर्डमोर या उद्योगपतीने भेट दिलेली ही मोटारही होती. इंजिन हवेने थंड होणारे होते. गोठून फुटेल असे पाणीच त्यात नव्हते, म्हणून त्या प्रदेशासाठी ही निवड शहाणपणाची होती. मोटारीची जबाबदारी बर्नार्ड डे या तंत्रज्ञाकडे होती.

३/
मुक्काम पडला रॉस बेटावरच्या केप रॉइड्स येथे. पंधरा माणसांसाठी लाकडी घर इंग्लंडमध्येच तयार करून, सुटे करून, जहाजात घालून आणले होते. मोटारीसाठी मात्र घर आणलेले नव्हते. ते जागेवरच उभे राहिले आणि त्यासाठी वापरले गेले सामानाचे खोके! मुख्य घराच्या आडोशाने खोक्यांवर खोकी रचून गॅरेज आणि तबेला उभारण्यात आला.

४/
हा निव्वळ जुगाड नव्हता. त्यामागचे गणित पाहा. भरलेले खोके जड असते, म्हणजे भिंत स्वतःच्या वजनानेच जमिनीला धरून राहते. खोक्यांना टेकून बर्फ साचला की फटी बुजतात आणि भिंत आणखी जाड होते. शिवाय आतला माल लागेल तसा काढता येतो. भांडार आणि भिंत दोन्ही एकाच वस्तूत!

५/
निसर्गाने आपला स्वभाव आधीच दाखवला होता. फेब्रुवारी १९०८ मध्ये सामान उतरवण्याचे काम संपत आले असताना हिमवादळ सुटले. समुद्राचे तुषार किनाऱ्यावरच्या सामानावर उडून तिथेच गोठत गेले आणि खोकी कित्येक फूट बर्फाखाली गाडली गेली. ती पुढे कुदळींनी खणून काढावी लागली. उघड्यावर ठेवलेल्या वस्तूचे इथे काय होते, याचा तो पहिला धडा होता.

६/
आता चार वर्षे पुढे जाऊ. जानेवारी १९१२, केप डेनिसन. डग्लस मॉसनच्या ऑस्ट्रेलियन मोहिमेने इथे तळ ठोकला. ही जागा समुद्रसपाटीवरील सर्वांत वादळी ठिकाणांपैकी एक आहे, हे त्यांना उतरल्यानंतर कळले. वर्षभराच्या वाऱ्याची सरासरीच ताशी सुमारे ८० किलोमीटर! आपल्याकडे एवढा वारा सुटला की बंदरावर धोक्याचा बावटा चढतो. तिथे तो रोजचा दिवस होता.

७/
मॉसनने सोबत आणले होते एक व्हिकर्स विमान. ऑक्टोबर १९११ मध्ये अ‍ॅडलेड येथे चाचणी-उड्डाणात ते कोसळले. वैमानिक वाचले, पंख मात्र निकामी झाले. मॉसनने पंखांविनाच ते यंत्र जहाजावर चढवले. घसरपट्ट्यांवर उभे राहून पंख्याच्या जोरावर बर्फावरून सामान ओढणारे ते वाहन ‘एअर-ट्रॅक्टर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याला पुन्हा कामाला लावण्याची जबाबदारी फ्रँक बिकर्टन या तरुण अभियंत्यावर आली.

८/
बिकर्टनने मुख्य घराला लागूनच सुमारे १० मीटर लांबीचे हँगर उभारले. साहित्य? पुन्हा सामानाची खोकी. बांधकामाच्या दृष्टीने इथे तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत.

पहिली, आधार. मोठ्या इमारतीला चिकटलेले छोटे बांधकाम वाऱ्याला कमी अंग देते.

दुसरी, उंची. जितके ठेंगणे, तितके सुरक्षित. याच तळावर मोठ्या कष्टाने उभारलेला बिनतारी संदेशाचा खांब १३ ऑक्टोबर १९१२ रोजी वाऱ्याने पाडला.

तिसरी, छप्पर. समजा, ३४ चौरस मीटरच्या छपरावर फूटभर दबलेला बर्फ साचला. दर घनमीटरला २०० किलो धरले, तरी भार सुमारे दोन टन होतो! म्हणून खालून टेकू हवेत आणि वरचा बर्फ वेळोवेळी उतरवायला हवा.

९/
या आडोशाला त्या माणसांच्या लेखी काय मोल होते? बाहेर हातमोजा काढला की बोटे निकामी होण्याची भीती, आणि इंजिनचे बारीक पेच तर उघड्या बोटांनीच फिरवावे लागतात. वारा अडला नसता, तर हिवाळ्यात दुरुस्तीचे काम झालेच नसते. ते झाले, आणि नोव्हेंबरमध्ये एअर-ट्रॅक्टर उतारावरून सामान ओढू लागले.

१०/
पुढची कथा दुःखाची आहे. ३ डिसेंबर १९१२ रोजी बिकर्टनची तुकडी पश्चिमेकडे निघाली. तळापासून सुमारे १६ किलोमीटरवर इंजिनाने दगा दिला. ते एकाएकी अडकले, पंखा मोडला आणि ते यंत्र तिथेच सोडून माणसांनी ढकलगाडी स्वतः ओढायला घेतली. ५ डिसेंबरला त्यांना बर्फावर एक काळा दगड दिसला. अंटार्क्टिकावर सापडलेली ती पहिली उल्का! हँगरने आपले काम चोख केले होते. हरले ते यंत्र.

११/
आता तिसरे दृश्य. १२ सप्टेंबर १९१४, फ्रान्समधील सापोने गाव. महायुद्धाला दीड महिनाही झालेला नाही. ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरची विमाने उघड्या मैदानात उभी आहेत. रात्री वादळ सुटले. लाकूड आणि कापडाची ती विमाने खुंट्या उपटून उलथू लागली. काही हवेत उचलली जाऊन दुसऱ्या विमानांवर आदळली. शत्रूची एकही गोळी न लागता अनेक विमाने एका रात्रीत निकामी झाली.

१२/
लुई स्ट्रेंज या वैमानिकाने त्या रात्री आपले विमान गवताच्या गंजीच्या आडोशाला ढकलले, पुढच्या घसरपट्ट्यांवर शिड्या आडव्या टाकल्या आणि शिड्यांवर फरसबंदीचे मोठमोठे दगड रचले. दोर-खुंट्या वेगळ्याच. शिडी कशासाठी? दगड थेट ठेवले तर एकाच जागी भार येऊन लाकूड मोडेल. शिडी तो भार पसरवते.

१३/
एक भौतिक नियम इथे ध्यानात ठेवू या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरला निमूट बसलेला तंबू ८० ला उडतो, तो यामुळे. त्यातच दार उघडे राहिले तर वारा आत शिरून छपराला खालून उचलतो आणि बाहेरचा वारा वरून ओढतो. कापड ढिले असेल तर ते सतत फडफडते आणि अखेर शिवणीशी फाटते. म्हणून तणावे ताणलेले, दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला आणि पायाशी वजन, ही तीन पथ्ये.

१४/
या पथ्यांना कारखान्याचे रूप दिले ते फ्रान्समधील आंजे शहरातल्या बेसोनो या दोरखंड व कॅनव्हास बनवणाऱ्या उद्योगाने. लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणलेले कॅनव्हास, असे ‘बेसोनो हँगर’ युद्धकाळात ठिकठिकाणी उभे राहिले. सुमारे २० मीटर रुंद आणि २४ मीटर लांब. कुशल २० माणसांनी दोन दिवसांत उभारावे, आघाडी सरकली की सुटे करून पुढे न्यावे. दोरखंड आणि शिडाचे कापड जाणणाऱ्या कारागिरांनी विमानांना घर द्यावे, यात नवल ते काय? वाऱ्याशी त्यांचा परिचय पिढ्यान्‌पिढ्यांचा होता.

१५/
केप रॉइड्सचे गॅरेज, केप डेनिसनचे हँगर आणि सापोनेची ती रात्र, या तिन्हींतून एकच गोष्ट दिसते. थंडीत यंत्राचा पहिला वैरी थंडी नसून वारा असतो. आणि त्याच्याशी लढताना महाग साहित्यापेक्षा जागेची निवड, वजन आणि बांधणी यांनाच अधिक मोल असते. पावसाळ्याआधी घर शाकारणाऱ्या आणि वाऱ्याच्या अंगाला झावळ्यांचा आडोसा करणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे कोणी शिकवावे लागत नाही.

१६/
संग्रहालयात आपण मोटार पाहतो, विमान पाहतो. ज्या खोक्यांनी आणि कॅनव्हासने त्यांना सांभाळले, ती खोकी पुढे जळणात गेली असतील आणि ते कापड कुजून गेले असेल. इतिहास यंत्रांची नावे जपतो. पण कोणत्याही ‘पहिल्या’ यंत्राविषयी वाचताना एक प्रश्न जरूर विचारा, मित्रहो : ते रात्री कुठे ठेवले होते, आणि तो आडोसा कोणी बांधला होता?