संशोधनाच्या विषयाची निवड

शाळेची नोकरी संपली, कचेरीचें दप्तर मिटलें, कीं पुष्कळ सुशिक्षित गृहस्थांच्या मनांत एक जुनी इच्छा डोकें वर काढते : आतां एखाद्या विषयाचें स्वतंत्र संशोधन करावें. इच्छा स्तुत्य खरी. अडचण असते ती विषयांच्या गर्दीची. थोडें संतवाङ्मय, थोडी व्याकरणाची गोडी, थोडें नाण्यांचें वेड, थोडें गांवच्या इतिहासाचें कुतूहल. सर्वच विषय प्रिय, म्हणून एकही तडीस जात नाहीं, आणि वर्षें मात्र निघून जातात. या प्रश्नाचा उलगडा करणारीं दोन चरित्रें अमळनेराहून जवळच, धुळ्यास, पाहावयास मिळतात.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या जिज्ञासेस सीमा नव्हती. प्लेटोच्या ग्रंथाचें भाषांतर, ज्ञानेश्वरीचें व्याकरण, कादंबरीची मीमांसा, विवाहसंस्थेचा उगम, अशा नाना विषयांवर त्यांनीं लेखणी चालविली. आरंभीं ‘भाषांतर’ नांवाचें मासिक त्यांनीं चालविलें. पुढें वाई येथें पानिपतकालीन पत्रें त्यांच्या हातीं आलीं. जुनीं दप्तरें त्या काळीं वाळवीच्या मुखीं जात होतीं, आणि तीं वांचविणारे हात थोडे होते. १७५० ते १७६१ या काळांतील पत्रांचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध झाला; पुढें गांवोगांव हिंडून जमविलेल्या साधनांचे एकंदर २२ खंड निघाले.

राजवाड्यांच्या कित्येक व्युत्पत्ति व सिद्धांत नंतरच्या पंडितांनीं अमान्य केले. परंतु त्यांनीं छापलेलीं पत्रें अभ्यासकांस आजही टाळतां येत नाहींत. अखेरच्या काळांत ते धुळ्यास राहून धातुकोशाच्या कामांत गढले होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं तेथेंच त्यांचें देहावसान झालें, आणि तो कोश त्यांच्या पश्चात् १९३७ सालीं प्रसिद्ध झाला. एवढ्या अफाट बुद्धीसही दिवस पुरले नाहींत; मग सामान्यानें किती जपून वेंचावे !

त्याच धुळ्यांतील वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १८९३ सालीं सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली आणि समर्थ रामदास व त्यांचा संप्रदाय हा एकच विषय पत्करला. मठोमठीं फिरून त्यांनीं बाडें मिळविलीं. डोमगांवच्या मठांतील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून १९०५ सालीं दासबोध छापला. १९३५ सालीं समर्थ वाग्देवता मंदिर उभें केलें. राजवाड्यांसारखा चौफेर संचार त्यांनीं केला नाहीं. पण एकच वाट न सोडल्यामुळें हजारों हस्तलिखितें सुरक्षित राहिलीं.

या दोघांच्या उदाहरणावरून निवडीची कसोटी हातीं येते. सर्वांत प्रिय विषय कोणता, हा प्रश्न मनुष्यास फिरवीतच ठेवतो. साधनें आपल्या पायांच्या टप्प्यांत आहेत काय, आणि आपण हात न लावल्यास तीं नष्ट होतील काय, हे दोन प्रश्न मात्र उत्तर देतात. अमळनेरच्या वाचकास वेदान्त प्रिय असेल. येथें प्रताप शेठजींनीं १९१६ सालीं स्थापिलेल्या तत्त्वज्ञान मंदिरांत अद्वैताचा अभ्यास मोठमोठ्या पंडितांनीं केला, आणि ते ग्रंथ कोठें जाणार नाहींत. परंतु शेजारच्या आळींतील वृद्धेच्या मुखीं असलेली जात्यावरची अहिराणी ओवी, पेढीच्या माळ्यावरची मोडी चोपडी, प्रताप मिलमध्यें राबलेल्या कामगाराची आठवण, हीं गेलीं कीं गेलींच.

म्हणून बाकीचे छंद टाकून द्यावे लागतात असें नाहीं. पांझरेच्या कांठीं फडपद्धतीनें शेती करणारे शेतकरी एका फडांत एका हंगामास एकच पीक घेत, आणि बंधाऱ्याचें पाणी पाटानें तेथें आणीत. व्याकरणाची गोडी अहिराणीच्या रूपांकडे वळते, संतवाङ्मयाचा परिचय ओवीचा अर्थ उलगडतो, इतिहासाचें कुतूहल चोपडीतील सनावळी लावतें. वही घेऊन त्या वृद्धेच्या ओसरीवर जावयाचें, तें मात्र याच हंगामांत. पुढच्या हंगामाचा भरंवसा नाहीं.