पदवी हातात यायला तीस वर्षे



गटाच्या बैठकीत बँकेचा कागद आला की आम्ही सहयोगिनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. वाचल्याशिवाय सही नको, समजल्याशिवाय अंगठा नको. आज ज्या बाईंची माहिती आपण ऐकणार आहोत, त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे याच कामात घालवली. त्यांचे नाव कॉर्नेलिया सोराबजी. कायद्याचे वरचे शिक्षण घेतलेल्या आपल्या देशातल्या या पहिल्या बाई, आणि त्या जन्मल्या आपल्या नाशिकमध्ये, १५ नोव्हेंबर १८६६ रोजी.

त्यांचे वडील पारशी घरातले, पुढे ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिनाबाईंनी पुण्यात शाळा चालवल्या. मुलींनी शिकायचे की नाही, हा प्रश्न त्या घरात नव्हता. कॉर्नेलियाबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. तिथल्या त्या पहिल्या विद्यार्थिनी, आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर.

पदवीच्या परीक्षेत त्यांचा नंबर इतका वर आला, की विलायतेत शिकायला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती. पण ती मुलांसाठी आहे, मुलीला देता येणार नाही, असे उत्तर आले. त्या रडत बसल्या नाहीत. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवायला लागल्या. पुढे इंग्लंडमधल्या काही मंडळींनी त्यांच्यासाठी वर्गणी गोळा केली. जखमी सैनिकांची सेवा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही तिला हातभार लावला. आपण गटात थेंब थेंब जमवतो, तसाच हा पैसा. १८८९ साली कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या.

तिथे त्यांनी निवडली बी.सी.एल. ही परीक्षा. पदवी झाल्यावर पुढे कायद्याचा खोल अभ्यास करायचा, त्यासाठीची ही परीक्षा. आधी एकाही बाईने ती दिली नव्हती. परीक्षेला बसू देण्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. १८९२ साली त्यांनी ती परीक्षा दिली.

पण मैत्रिणींनो, पदवी मात्र मिळाली नाही. त्या काळी ऑक्सफर्डमध्ये बायकांनी वर्गात बसावे, परीक्षा द्यावी, एवढीच मुभा होती. पदवी फक्त पुरुषांना. हा नियम बदलला १९२० साली. कॉर्नेलियाबाईंच्या हातात पदवी आली १९२२ साली. पेपर लिहिले तेव्हा त्या पंचविशीत होत्या, पदवी घेतली तेव्हा पंचावन्नच्या.

मधली तीस वर्षे त्या थांबल्या का? नाही. भारतात परत येऊन त्यांनी मुंबई विद्यापीठाची वकिलीची परीक्षा दिली, अलाहाबादला जाऊन तिथलीही दिली. तरी बाई म्हणून कोर्टात वकील व्हायची परवानगी मिळेना. मग १९०४ साली सरकारने त्यांना बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये नेमले. ज्या जमीनदार घरात मालक विधवा बाई किंवा अज्ञान मूल असेल, तिथली मालमत्ता सांभाळणारे हे खाते.

त्या घरांतल्या बायका पडद्यात राहत. परपुरुषासमोर येत नसत, मग पुरुष वकिलाशी बोलणार कशा? दिवाणजी किंवा दीर कागद आत पाठवत आणि सही बाहेर येई. नावावर इस्टेट, पण पोटगीलाही महाग, अशी गत. कॉर्नेलियाबाई आत जाऊन बसत, कागद वाचून दाखवत, मुलांच्या शिक्षणाचे बघत. सुमारे सहाशे बायका-मुलांना त्यांची मदत झाली असे सांगतात. इंग्रजी राज्याबद्दलची त्यांची मते आपल्याला पटणारी नाहीत, गांधीजींनाही त्यांनी विरोध केला. पण हे काम मोठे होते.

वकिलीचे दार उघडायला त्या एकट्या झगडत नव्हत्या. १९१६ साली कलकत्त्यात रेजिना गुहा यांनी वकील म्हणून नाव नोंदवायला अर्ज केला. कायद्यात ‘व्यक्ती’ असा शब्द होता. वकिलीपुरत्या बायका त्या शब्दात येत नाहीत, असे उच्च न्यायालयाने ठरवले. १९२१ साली पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांचा अर्जही नाकारला गेला. त्याच साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने मात्र कॉर्नेलियाबाईंचे नाव नोंदवले. शेवटी १९२३ साली कायदाच झाला, की केवळ बाई आहे म्हणून कुणाला वकिली नाकारता येणार नाही. हरलेले अर्जही वाया जात नाहीत. त्यांच्यामुळेच कायद्यातला दोष सगळ्यांना दिसला.

त्याच १९२३ साली ऑक्सफर्डमध्ये आणखी एक गोष्ट घडली. आयव्ही विल्यम्स या इंग्रज बाईंनी स्वित्झर्लंडच्या दिवाणी कायद्याची मुळे कुठे आहेत, यावर ग्रंथ लिहिला. त्या कामावर त्यांना कायद्यातली डॉक्टर ही पदवी मिळाली. ऑक्सफर्डमध्ये ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई.

आता तुम्ही विचाराल, वकिली करायला एलएल.बी. पुरते, मग पुढे एलएल.एम. आणि पीएच.डी. कशाला? वकील एका बाईची केस लढवते. संशोधन करणारी बाई विचारते, की अशा हजार बायकांचे असे का होते?

आपल्याच घरातले उदाहरण घ्या. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राने २००५ साली. तरी भाऊ हक्कसोड पत्र पुढे करतो आणि बहीण सही करते. माहेर तुटेल ही भीती, साडीचोळीचा मान, की कागदात काय आहे हेच माहीत नसते? कायदा दिला, पण हक्क का पोचला नाही? हा पीएच.डी.चा विषय आहे. आणि तो विचारायला, बायकांशी चुलीपाशी बसून बोलायला, आपल्या गावची मुलगीच हवी.

आज नियमात दार बंद नाही. एलएल.बी.नंतर एलएल.एम., त्यात साधारण ५५ टक्के गुण, आणि प्रवेश परीक्षा. अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी विद्यार्थ्यांना गुणांत सवलत आहे. पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सहा. महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते, आणि बाळंतपण व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. वयाची अट नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतल्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. जाहिरात निघते तेव्हा अर्जाची मुदत बघून ठेवायला हवी.

खरा अडथळा आता उंबऱ्याच्या आत आहे. ‘आणखी किती शिकणार, लग्न कधी?’ हा प्रश्न कितीतरी मुलींना एलएल.बी.पाशीच थांबवतो. तेव्हा पुढच्या बैठकीत कर्जाचा हिशोब झाला की एवढे विचारा: आपल्या गावात कायदा शिकणारी मुलगी कोण आहे? तिची फी, तिचे पुस्तक, तालुक्याला जायचे तिचे भाडे, यांत आपला गट काय करू शकतो? आणि तिच्या आईशी बोलायला आपल्यातली कोण जाईल?

ते नाव ठरवूनच बैठक संपवा.