मुरलीकांत पेटकर

मुरलीकांत पेटकर (जन्म : १ नोव्हेंबर, १९४४) हे भारतीय लष्करातील माजी जवान व दिव्यांग जलतरणपटू आहेत. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात गोळ्या लागून त्यांना कमरेखाली कायमचे अपंगत्व आले. त्या वेळी ते मुष्टियोद्धा होते. पुढे जलतरणाकडे वळून त्यांनी १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर मुक्त शैली प्रकारात विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवले. ऑलिंपिक वा पॅरालिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्णपदक जिंकणारे ते पहिले भारतीय होत. भारत सरकारने त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री देऊन गौरवले, तर २०२४ साठीचा अर्जुन जीवनगौरव पुरस्कार त्यांना जानेवारी २०२५ मध्ये प्रदान करण्यात आला.

प्रारंभिक जीवन

पेटकर यांचा जन्म वाळवा तालुक्यातील इस्लामपूरजवळच्या पेठ या गावी झाला. हा भाग आज सांगली जिल्ह्यात असला तरी त्यांच्या जन्माच्या वेळी तो सातारा जिल्ह्यात मोडत असे; १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवण्यात आले. कृष्णा-वारणेच्या या खोऱ्यात गावोगावी तालमी होत्या व जत्रेतील कुस्त्यांना मोठा मान होता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक आणणारे खाशाबा जाधव हेही याच परिसरातील, कराडजवळच्या गोळेश्वरचे. पेटकर यांचा खेळाशी पहिला संबंध आला तो कुस्तीच्याच आखाड्यात.

किशोरवयातच ते लष्करात दाखल झाले. विद्युत व यांत्रिकी अभियंत्यांच्या दलात (ईएमई) असताना ते मुष्टियुद्धाकडे वळले आणि सेनादलांच्या स्पर्धांत त्यांनी नाव कमावले. १९६४ मध्ये टोकियो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय सेनादल क्रीडास्पर्धेत ते भारताकडून उतरले होते.

युद्ध आणि दुखापत

१९६५ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा पेटकर सीमेलगतच्या भागात तैनात होते. शत्रूच्या हल्ल्यात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. त्यांपैकी एक पाठीच्या कण्यात रुतली. शस्त्रक्रियेनंतरही ती काढता आली नाही व ती तशीच शरीरात राहिली. दीर्घकाळ बेशुद्धावस्थेत राहिल्यानंतर ते शुद्धीवर आले, तेव्हा कमरेखालील शरीराची हालचाल थांबलेली होती. त्या वेळी त्यांनी विशी नुकतीच गाठली होती. मुष्टियुद्ध पायांच्या चपळाईवर उभे असते, त्यामुळे त्या खेळात परतण्याचा मार्ग त्यांच्यासाठी बंद झाला.

मज्जारज्जूला इजा झाली की मेंदूकडून स्नायूंकडे जाणारे संदेश त्या जागी खंडित होतात. इजा जितकी वरच्या मणक्याजवळ, तितका शरीराचा अधिक भाग निकामी होतो. पाठीच्या खालच्या भागात इजा झालेल्या रुग्णाचे हात व खांदे शाबूत राहतात, परंतु अंथरुणाला खिळून राहिल्यास शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांचा धोका असतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे रुग्ण बहुधा याच कारणांनी दगावत. १९४४ मध्ये, म्हणजे पेटकर यांच्या जन्मवर्षीच, इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जूच्या जखमींसाठी स्वतंत्र केंद्र सुरू केले आणि उपचारांत खेळाला स्थान दिले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनादिवशी, तेथे १६ जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. पॅरालिंपिक चळवळीचे मूळ या स्पर्धेत आहे.

पुनर्वसन आणि जलतरण

पेटकर यांच्यावर मुंबईतील कुलाबा येथील आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात उपचार झाले. व्यायामोपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहण्याचा सल्ला देण्यात आला. पाण्यात शरीराचा भार पाणी पेलत असल्याने चाकाच्या खुर्चीशिवाय मोकळी हालचाल करता येते. मात्र पाय मागे ओढले जात असल्याने पाण्याचा रोध वाढतो आणि सारा वेग हात व खांद्यांच्या बळावर मिळवावा लागतो. मुष्टियोद्ध्याचे खांदे येथे त्यांच्या उपयोगी पडले. उपचार म्हणून सुरू झालेले पोहणे लवकरच त्यांचा खेळ बनले. त्याच्या जोडीला टेबल टेनिस, भालाफेक व गोळाफेक यांचाही सराव ते करीत.

१९६८ मध्ये इस्रायलमधील तेल अवीव येथे भरलेल्या पॅरालिंपिकमध्ये भारत प्रथमच सहभागी झाला. १० जणांच्या त्या भारतीय पथकात पेटकर होते. टेबल टेनिसमध्ये त्यांनी पहिली फेरी पार केली. भारताला त्या स्पर्धेत एकही पदक मिळाले नाही. दोन वर्षांनी, १९७० मध्ये, स्कॉटलंडमधील एडिनबरा येथे झालेल्या राष्ट्रकुल पक्षाघातग्रस्तांच्या क्रीडास्पर्धेत त्यांनी ५० मीटर मुक्त शैली जलतरणात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्यपदक पटकावले.

विजय मर्चंट यांचे साहाय्य

त्या काळी दिव्यांग खेळाडूंना परदेशी पाठवण्याची पक्की शासकीय व्यवस्था नव्हती. विमानाचे भाडे व राहण्याचा खर्च कोणीतरी उचलला तरच स्पर्धा गाठणे शक्य होई. पेटकर यांच्या बाबतीत हे काम माजी कसोटी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी केले. क्रिकेटमधून निवृत्त झाल्यावर मर्चंट यांनी अपंगांच्या पुनर्वसनाला वाहून घेतले होते. त्यांच्या संस्थेने पेटकर यांच्या प्रवासाचा व इतर खर्चाचा भार उचलला. ज्या खेळाला तेव्हा प्रेक्षकही नव्हते व प्रसिद्धीही नव्हती, अशा खेळातील एका जवानाला दुसऱ्या खेळातील नामवंताने दिलेला हा हात पेटकर यांच्या कारकिर्दीत निर्णायक ठरला.

हायडेलबर्ग, १९७२

१९७२ चे ऑलिंपिक म्युनिक येथे व्हायचे होते. पॅरालिंपिक मात्र त्याआधी, २ ते ११ ऑगस्ट या काळात, हायडेलबर्ग या विद्यापीठासाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात पार पडले. त्या काळी स्पर्धकांचे गट मज्जारज्जूच्या इजेच्या पातळीनुसार पाडले जात. पेटकर पुरुषांच्या ५० मीटर मुक्त शैलीच्या तिसऱ्या गटात उतरले. त्यांनी ३७.३३ सेकंदांची वेळ नोंदवून विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. पायांचा आधार नसताना हा वेग सेकंदाला सरासरी सुमारे १.३४ मीटर इतका भरतो. याच स्पर्धेत ते भालाफेक तसेच चाकाच्या खुर्चीच्या स्लॅलम शर्यतीतही सहभागी झाले आणि अंतिम फेरीपर्यंत पोहोचले.

तोवर भारताने ऑलिंपिकमध्ये हॉकीची सात सुवर्णपदके मिळवली होती; परंतु एकट्या खेळाडूचे सुवर्णपदक एकही नव्हते. पेटकर यांच्यानंतर पॅरालिंपिकमधील पुढचे भारतीय सुवर्णपदक ३२ वर्षांनी, २००४ मध्ये अथेन्स येथे देवेंद्र झाझरिया यांनी भालाफेकीत मिळवले. ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक अभिनव बिंद्रा यांनी नेमबाजीत २००८ मध्ये बीजिंग येथे पटकावले. ते हायडेलबर्गनंतर ३६ वर्षांनी.

नोकरी

युद्धानंतर टाटा समूहाकडून जखमी जवानांना आर्थिक मदत देऊ करण्यात आली. पेटकर यांनी पैसे घेण्यास नकार दिला व त्याऐवजी काम मागितले. त्यानुसार त्यांना पुण्यातील टेल्को (आताची टाटा मोटर्स) कंपनीत नोकरी मिळाली आणि तेथे त्यांनी सुमारे तीन दशके सेवा केली. या नोकरीमुळे ते पुण्यात स्थायिक झाले. मदत नाकारून रोजगार मागण्याचा हा प्रसंग त्यांच्या चरित्रात वारंवार सांगितला जातो. अपंगत्व आलेल्या व्यक्तीला दयेपेक्षा संधीची गरज असते, हे तत्त्व भारतीय कायद्यात १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने व त्यानंतर २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने आले. पेटकर यांची मागणी त्याच्या कित्येक वर्षे आधीची आहे.

विस्मरण आणि सन्मान

हायडेलबर्गच्या यशाची देशात फारशी दखल घेतली गेली नाही. महिनाअखेरीस सुरू झालेल्या म्युनिक ऑलिंपिकने वृत्तपत्रांची पाने व्यापली. भारतात चर्चा झाली ती हॉकीतील कांस्यपदकाची. क्रीडाक्षेत्रातील शासकीय पुरस्कारांत दिव्यांग खेळाडूंचा विचार त्या काळी क्वचितच होई. १९८२ मध्ये पेटकर यांनी अर्जुन पुरस्कारासाठी केलेली मागणी फेटाळण्यात आली. त्यानंतर अनेक वर्षे त्यांचे नाव क्रीडा इतिहासाच्या अभ्यासकांपुरते उरले. बिंद्रा यांच्या सुवर्णपदकाची बातमी देताना ‘पहिले वैयक्तिक सुवर्ण’ असा जो उल्लेख सर्वत्र झाला, तो ऑलिंपिकपुरता अचूक असला तरी पेटकर यांची कामगिरी त्यामागे झाकली गेली.

दिव्यांग खेळाडूंच्या पदकांची संख्या वाढू लागली तसे या पहिल्या पदकाकडे पुन्हा लक्ष गेले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्यांना अर्जुन जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. त्या वेळी ते ८० वर्षांचे होते आणि हायडेलबर्गच्या विजयाला ५२ वर्षे उलटून गेली होती. खाशाबा जाधव यांना अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला होता. पेटकर यांना तो उशिरा का होईना, हयातीत स्वीकारता आला.

चित्रपट

पेटकर यांच्या जीवनावर आधारित ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट १४ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला. कबीर खान दिग्दर्शित या चित्रपटात कार्तिक आर्यन यांनी पेटकर यांची भूमिका केली आहे. चित्रपटामुळे त्यांचे नाव नव्या पिढीपर्यंत पोहोचले.

महाराष्ट्रातील पुढील पिढी

पेटकर यांच्यानंतर महाराष्ट्रातील अनेक खेळाडूंनी अपघातानंतर खेळात यश मिळवले. सोलापूर जिल्ह्यातील सुयश जाधव यांना बालपणी विजेच्या धक्क्यामुळे दोन्ही हात गमवावे लागले. त्यांनी २०१८ मध्ये जकार्ता येथील आशियाई दिव्यांग क्रीडास्पर्धेत ५० मीटर बटरफ्लाय प्रकारात सुवर्णपदक मिळवले. २०२० चा अर्जुन पुरस्कार त्यांना लाभला. पेटकर यांच्याच सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्याचे सचिन खिलारी यांच्या डाव्या हाताला शालेय वयात सायकल अपघातात कायमची इजा झाली. यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या खिलारी यांनी खेळासोबतच स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवण्याचे काम केले. त्यांनी २०२३ व २०२४ अशा सलग दोन जागतिक स्पर्धांत गोळाफेकीचे (एफ ४६ गट) सुवर्णपदक जिंकले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर फेकीसह रौप्यपदक पटकावले. तेल अवीव येथे रिकाम्या हाताने परतलेल्या १० जणांच्या पथकापासून सुरू झालेला भारताचा पॅरालिंपिकमधील प्रवास पॅरिसमध्ये २९ पदकांपर्यंत पोहोचला. त्यातील पहिली नोंद पेटकर यांच्या नावावर आहे.