साठ एस्कुदो आणि लाल दहा

साठाची नोट कोण छापेल? दहा, वीस, पन्नास, शंभर हे आकडे नोटेवर शोभतात. साठ म्हणजे नोटेची रक्कम वाटतच नाही. पण गोव्यातल्या एखाद्या जुन्या घरी आजोबांची पत्र्याची पेटी उपसावी, तर जमिनीच्या कागदांखाली नेमकी हीच निघते. तिच्यावर लांब दाढीचा पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकर्क, ‘बांको नासिओनाल उल्त्रामारिनो’ हे बँकेचं नाव आणि लिस्बन, २ जानेवारी १९५९ अशी तारीख. नातवंडं ती पोर्तुगालची समजतात. काढली पोर्तुगीज बँकेने हे खरं, पण ती चालायची गोवा, दमण, दीवमध्ये.

साठाचं कोडं रुपयाशिवाय सुटत नाही. गोव्यात आधी ‘रुपिया’ चालायचा, सोळा तांगांचा, भारतीय रुपयाच्या मोलाचा. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांच्या सरकारने तो मोडून एस्कुदो आणला आणि दर ठरवला एका रुपियाला सहा एस्कुदो. म्हणजे पाच रुपियांचे तीस, दहांचे साठ, पन्नासांचे तीनशे, शंभरांचे सहाशे. शंभर आणि हजाराच्या नोटाही निघाल्या, पण तीस, साठ, तीनशे, सहाशे या चार विचित्र आकड्यांत जुना रुपियाच नाव बदलून बसला होता. या नोटांना आयुष्य मिळालं जेमतेम तीन वर्षांचं. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर रुपया आला. त्याआधीच गोवेकरांनी या बँकेकडे गहाण ठेवलेले सोन्याचे दागिने लिस्बनला पोचले होते. ते परत यायला १९९१ उजाडलं. पेटीतली नोट त्या मानाने फारच स्वस्तात सुटली म्हणायची.

वारशात आलेली परकी नोट ओळखताना बहुतेकांची नजर आधी चित्रावर जाते: राजा कोण, देऊळ कुठलं, झाड कसलं. चित्र फसवतं. आधी पाहायचं ते नोट काढणाऱ्याचं नाव, मग क्रमांकाच्या आधीचं अक्षर आणि मग कोऱ्या जागेत कुणी मागाहून काही छापलंय का ते. महाराष्ट्र-गोव्यातल्या पेट्यांपुरतं बोलायचं तर या तीन गोष्टींत बराच उलगडा होतो आणि गंमत म्हणजे, धागा पुन्हापुन्हा मुंबई नाहीतर नाशिकला येऊन टेकतो.

साताऱ्या-कोल्हापूरकडच्या फौजी घरांत निघण्यासारखी नोट म्हणजे ‘द जॅपनीज गव्हर्नमेंट’ अशा मथळ्याची. मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरातल्या सांगशाकला जपान्यांशी लढली; पुढे फौजा ब्रह्मदेशात शिरल्या. जपानने जिंकलेल्या मुलखासाठी स्वतःच्या नोटा छापल्या होत्या, ब्रह्मदेशासाठी रुपयांत, मलायासाठी डॉलरांत. बहुतेकांवर क्रमांकच नाही, नुसती अक्षरं. पहिलं अक्षर ‘बी’ असेल तर ब्रह्मदेश, ‘एम’ असेल तर मलाया. मलायातल्या दहा डॉलरच्या नोटेवर केळीचं झाड होतं, म्हणून तिकडे या सगळ्या चलनालाच लोक केळीचा पैसा म्हणू लागले. युद्ध संपलं आणि गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीत गेले. या नोटा इतक्या उरल्या आहेत की नाण्यांच्या बाजारात आजही त्यांना फारसा भाव नाही.

नाशिकची गोष्ट याहून सरस. फाळणीनंतर पाकिस्तानकडे नोटांचा छापखाना नव्हता आणि रिझर्व्ह बँक काही महिने दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक राहिली. मग नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये नेहमीच्या सहाव्या जॉर्जच्या नोटांवर ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ आणि उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ असे शब्द छापून १ एप्रिल १९४८ पासून त्या तिकडे चालवण्यात आल्या. यातल्या दोन, पाच आणि दहाच्या नोटांवर सही आहे गव्हर्नर चिंतामण द्वारकानाथ देशमुखांची. पाकिस्तानच्या पहिल्यावहिल्या नोटांवर रायगडच्या माणसाची सही! डाव्या कडेला दोन बारीक भोकं दिसली तर घाबरू नये. गड्डीला टाचणी मारायची पद्धत होती. संग्राहक ती भोकं दोष धरत नाहीत. दोष धरतात तो घरच्यांनी हौसेने केलेल्या लॅमिनेशनचा.

नैरोबीला नोकरी केलेल्या गोवेकराच्या पेटीत ईस्ट आफ्रिकन करन्सी बोर्डाची शिलिंगची नोट निघाली आणि तिच्यावर गुजराती अक्षरं दिसली, तर तो कुणी मारलेला शिक्का नव्हे. त्या नोटांवर इंग्रजी आणि अरबीबरोबर गुजरातीतही रक्कम छापलेली असे. तिकडची दुकानं कुणाच्या हातात होती, हे बोर्डाला पक्कं ठाऊक होतं.

राहिली आखाती नोट. कुवेत, बहारीन, कतार, आजची अमिराती आणि ओमान इथे एकेकाळी सरळ भारतीय रुपया चालायचा. तिकडून सोनं चोरून मुंबईच्या किनाऱ्याला लागायचं, त्याच्या बदल्यात रुपयांच्या नोटा तिकडे जायच्या आणि त्या नोटा बँकांमार्फत परत आल्या की भारताला पौंड मोजून द्यावे लागायचे. या गळतीला बूच म्हणून १९५९ मध्ये कायदा बदलून खास आखातापुरत्या नोटा काढल्या गेल्या. रचना तीच, सिंहमुद्रा तीच. फक्त रंग वेगळे आणि क्रमांकाआधी ‘झेड’. हज यात्रेकरूंसाठी ‘एचए’ अक्षरांच्या आणखी वेगळ्या नोटा होत्या. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार काढला, बहारीनने १९६५ मध्ये. पुढच्याच वर्षी, जून १९६६ मध्ये, भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि कतार, दुबईनेही रुपया सोडला. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत टिकला.

या आखाती नोटा भारतात खर्च करता येत नव्हत्या आणि तिकडे चलन बदललं तेव्हा बहुतेक परत जमा झाल्या, म्हणून आज त्या दुर्मीळ आहेत. पण पेटी उघडल्यावर होतं भलतंच. जपानी नोट कौतुकाने फ्रेममध्ये जाते, दाढीवाल्या आल्बुकर्कचे फोटो नातेवाइकांना पाठवले जातात. रिझर्व्ह बँकेचं नाव असलेली लाल दहाची नोट मात्र ‘ही काय, आपलीच जुनी’ म्हणून बाजूला पडते आणि मुलांच्या व्यापाराच्या डावात खोट्या नोटांमध्ये मिसळून जाते. क्रमांकाआधीचं ते अक्षर कुणी वाचलेलंच नसतं.