वऱ्हाडांतील जंगलाची हद्द

जंगल कोठें सुरू होतें, हा प्रश्न वऱ्हाडांत दिसावयास सोपा वाटतो. अकोला जिल्ह्यांत अकोटच्या उत्तरेस कपाशीची काळी जमीन संपते आणि नरनाळ्याच्या किल्ल्याभोंवतीं सातपुड्याचे सागवानी डोंगर उभे राहतात. परंतु डोळ्यांस दिसणारी झाडांची कड व सरकारी दप्तरांतील हद्द या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आणि या प्रांतांत त्यांची फारकत जुनी आहे.

1853 च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. नांवाची मालकी मात्र निजामाचीच राहिली. त्यामुळें येथें 1886 सालीं जंगलाचा स्वतंत्र कायदा करण्यांत आला. पुढें सरकारी जंगलाचे तीन वर्ग रूढ झाले. ‘ए’ वर्ग इमारती लांकडासाठीं, ‘बी’ गवतासाठीं आणि ‘सी’ गुरांच्या चराईसाठीं. म्हणजे ज्या माळावर चार बाभळी उभ्या, तोहि कागदोपत्रीं जंगलच होय. आणि खासगी आमराई कितीहि दाट असली तरी ती सरकारी जंगल नव्हे.

जुन्या काळीं ही हद्द साखळीनें मोजून दगडी खुणांनीं पक्की करीत. साखळी जेथें पोहोंचेना, तेथें पुढें विमान आलें. 1924 सालीं ब्रह्मदेशांत इरावतीच्या मुखाकडील दलदलीच्या जंगलांचीं छायाचित्रें विमानांतून घेण्यांत आलीं, व त्यांवरून नकाशे तयार झाले. परंतु छायाचित्रासहि मर्यादा आहेत. मेळघाटचा साग उन्हाळ्यांत पानें झाडतो, तेव्हां भरलें जंगल उजाड भासतें. पावसाळ्यानंतर तेंच इतकें दाटतें कीं खालची जमीन, ओहोळ व हद्दीचे दगड दृष्टीआड होतात.

ही उणीव लेझर किरणानें पुष्कळशी भरून काढली. विमानांतून प्रकाशाचे अतिसूक्ष्म ठोके जमिनीकडे सोडतात व ते परत येण्यास लागणारा वेळ मोजतात. प्रकाश सेकंदास तीन लाख किलोमीटर धांवतो. म्हणून दीड हजार मीटर उंचीवरून सोडलेला ठोका सेकंदाच्या एक लाखाव्या भागांत परततो. कांहीं प्रकाश झाडाच्या शेंड्यावरून फिरतो, कांहीं पानांच्या फटींतून जमिनीस लागून येतो. दोहोंतील अंतर म्हणजे झाडाची उंची. 2020 च्या जुलैंत केंद्र सरकारनें वॅपकॉस या संस्थेकडे 26 राज्यांतील 2,61,897 हेक्टर वनभूमीची अशी पाहणी सोंपविली. हेतु वनांत पाणी व चारा वाढविण्याचा होता. 2021 च्या जूनमध्यें दहा राज्यांचे अहवाल प्रसिद्ध झाले. त्यांत महाराष्ट्र होता.

हें यंत्र झाडाची उंची सांगतें. तें झाड कोणाच्या हक्कांत आहे, हें सांगत नाहीं. 2006 च्या वनहक्क कायद्यानें पिढ्यान्‌पिढ्या जंगलांत वसलेल्यांचे हक्क मान्य केले. त्याच्या नियमांनुसार विहिरी, दफनभूमि, देवस्थानें, तसेच वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हे पुरावे ग्राह्य आहेत. नियमांच्या 2012 च्या दुरुस्तीनें असेंहि ठरलें कीं, उपग्रहचित्रें व इतर तांत्रिक साधनें या पुराव्यांस पूरक समजावींत. त्यांची जागा त्या साधनांस देऊं नये.

या नियमाचें मर्म अमरावती जिल्ह्यांत पायविहीर गांवीं दिसतें. 2012 सालीं या गांवास जवळजवळ दोनशें हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. ती टेकडी तेव्हां बव्हंशीं उजाड होती. वरून पाहणारास तेथें रक्षण करण्याजोगें थोडेंच दिसलें असतें. हक्क हातीं आल्यावर गांवानें झाडें लावलीं, राखलीं व सीताफळाचें उत्पन्न बाजारांत नेलें. येथें हक्काची रेषा आधीं आली, झाडांची रेषा मागाहून.

यासाठीं किरणांनीं रेखलेला नकाशा गांवसभेपुढें ठेवला जावा आणि जुन्या विहिरी व देवस्थानें त्यावर गांवकऱ्यांकडून दाखवून घ्यावींत. चराईच्या जमिनीवर झाडें दिसत नाहींत एवढ्यावरून कोणाचीं गुरें अडविलीं जाऊं नयेत, किंवा कोणाचा दावाहि फेटाळला जाऊं नये.